ऑनलाइन व्हेट टेक की माफसूची पदविका?

कोल्हापुरात बसून अमेरिकेची व्हेटरनरी टेक्नॉलॉजीची (व्हेट टेक, म्हणजे पशुवैद्यकाच्या तांत्रिक मदतनीसाची) पदवी घ्यायची, ऐकायला झकास! पर्ड्यू विद्यापीठाचा दूरशिक्षण अभ्यासक्रम एव्हीएमए-मान्य, म्हणजे तिथल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं मान्य केलेला आहे. ही मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाकडं बघूच नका. तिथल्या बहुतेक राज्यांत व्हीटीएनई या व्हेट टेकच्या पात्रता परीक्षेचं दार तिच्यामुळंच उघडतं. पण ऑनलाइन असते ती थिअरी. रक्त काढणं, एक्स-रे, भूल दिलेल्या जनावरावर लक्ष ठेवणं, हे दवाखान्यात देखरेखीखाली करून दाखवावं लागतं. वर फी डॉलरमध्ये.

दुसरीकडं नागपूरच्या माफसूची, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुसंवर्धन पदविका. हिचा जीव गाई-म्हशींत, रेतनात, लसीकरणात. करवीर-शिरोळच्या गोठ्यांत काम करायचं असेल तर मी डोळे झाकून हीच घेईन. गोकुळच्या जिल्ह्यात म्हशीला हात लावायला बिचकणाऱ्याला कोण विचारतंय? अमेरिकेत नोकरी करायची असेल तर मात्र हिचा उपयोग नाही.

आणि दोन्हींतून डॉक्टर होता येत नाही, बरं का. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं पदविकाधारकाला किरकोळ सेवाच करता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. व्हेट टेकच्या नोंदणीची तर त्यात सोयच नाही.