मीडियम की लार्ज? स्नोबोर्डच्या बाइंडिंगचा पेच

जानेवारीत गुलमर्गला निघालेला भाचा परवा दादरला आला तो बूट हातात घेऊनच. बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला जखडून ठेवणारी पट्ट्यांची चौकट, मीडियम घेऊ की लार्ज, यावर गाडी अडलेली. दोन्ही साइझची बाइंडिंग मित्रांकडून मागून आणली होती.

आधी नंबर बघा. आपण दुकानात ‘९ नंबर’ म्हणतो तो यूकेचा. बाइंडिंगच्या तक्त्यात बहुतेकदा अमेरिकी नंबर असतो, पुरुषांचा साधारण एकाने जास्त. म्हणजे भाच्याचा ९ तिथे १०, आणि तो बऱ्याच तक्त्यांत दोन्ही साइझमध्ये येतो. नंबर स्नोबोर्डच्या बुटाचाच धरायचा, रोजच्या बुटाचा नाही.

खरा फरक पकडीत. हॉलमध्ये फरशीवर बूट घालून बघितलं. मीडियममध्ये टाच मागच्या कपात गच्च बसली. लार्जमध्ये बूट डावी-उजवीकडे सरकत होता. असं असलं की पायाचा जोर बोर्डपर्यंत उशिरा पोचतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय. मला याचीच जास्त काळजी वाटते.

पट्ट्यांत मात्र लार्ज सरस. मीडियमची घोट्यावरची पट्टी बकलमध्ये जेमतेम दोन दात शिरली. उतारावर ती सुटू शकते. लांबी वाढवायची सोय होती, ती वापरल्यावर पाच दात शिरले.

किंमत एकाच मॉडेलला बहुधा सारखीच, तो मुद्दा सोडा.

बूट आटोपशीर असेल तर मीडियमच घ्या. बूट जाडजूड असेल, टाच कपात पूर्ण टेकत नसेल किंवा पट्टी वाढवूनही अपुरी पडत असेल, तर लार्ज. भाच्याने मीडियम ठेवलं.