१२ ठिकाणं, एक सोमवार : ‘नागपूर दर्शन’च्या पॅकेजपासून सावध

‘एका दिवसात नागपूर दर्शन, रामटेकसह. १२ ठिकाणं. सर्व प्रवेश शुल्क व जेवण समाविष्ट. ज्येष्ठांसाठी खास सोय.’ अशी जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली असेल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचून घ्या. आमचे ११ जणांचे १५,४०० रुपये त्यात गेले, आणि दिवसभर म्हाताऱ्या माणसाची हेळसांड झाली ती वेगळीच.

डिसेंबरात मुलीचा साखरपुडा होता, रविवारी. सांगलीहून सासरची मंडळी आली होती. सासूबाई ७८ वर्षांच्या, एक गुडघा बदललेला आणि दुसरा कुरकुरणारा. दीर, जाऊबाई, नणंद, तिचे यजमान, कॉलेजात जाणारा पुतण्या आणि लहान-मोठी पोरं. बहुतेकांनी नागपूर पाहिलेलंच नव्हतं. परतीची गाडी मंगळवारची, म्हणजे सोमवार मोकळा.

फोनवरचा माणूस बोलायला साखरेसारखा. “आजी आहेत ना सोबत? मग काही टेन्शनच नका घेऊ ताई. गाडी दारात लागते, समोरची सीट आजीची. पोट्टे तर खूश होऊन जातील.” १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर, एसी, पुशबॅक सीट. गाडीचा चकचकीत फोटोही आला. माणशी १,४००, पाच वर्षांच्या पोराचंही पूर्ण तिकीट. अर्धे पैसे आधी यूपीआयवर, उरलेले सकाळी गाडी निघायच्या आधी. पैसे ज्या खात्यावर गेले ते कुठल्या टूर कंपनीचं नव्हतं, कोणा माणसाचं होतं. पावती मागितली तर “सोबतच देतो ना” म्हणाला. ती कधी आलीच नाही.

आता ती यादी बघा, कारण सगळी मेख तिच्यातच आहे. दीक्षाभूमी, झिरो माइल, टेकडी गणपती, सीताबर्डीचा किल्ला, अजब बंगला (जुनं वस्तुसंग्रहालय), महाराजबाग (प्राणीसंग्रहालय), नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, फुटाळा तलाव, अंबाझरी तलाव, कामठीचं ड्रॅगन पॅलेस (बुद्धविहार), रामटेकचा गड, खिंडसी तलाव. वाचायला भरगच्च. पण अजब बंगला, महाराजबाग आणि नॅरोगेज संग्रहालय, तिन्ही सोमवारी बंद असतात. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. १८१७ ची लढाई जिथे झाली ती टेकडी सामान्य माणसाला २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच चढता येते. म्हणजे १२ पैकी चार ठिकाणं त्या दिवशी दिसणारच नव्हती, आणि हे विकणाऱ्याला माहीत नसेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. उरलेल्यांपैकी दीक्षाभूमीला तिकीट नाही, टेकडी गणपतीला नाही, ड्रॅगन पॅलेसला नाही, गडावरच्या मंदिराला नाही. झिरो माइल तर रस्त्याच्या कडेचा दगडी खांब आणि घोडे, त्याला कसलं तिकीट! ‘सर्व प्रवेश शुल्क समाविष्ट’ या ओळीत त्याला एक रुपयाही घालायचा नव्हता. गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र होळी-दिवाळी सोडली तर सोमवारीही उघडं असतं, पोरांना तिथे दोन-तीन तास कसे गेले ते कळलंही नसतं. ते यादीत नव्हतं. तिथे तिकीट लागतं.

सकाळी दारात आली ती भलतीच गाडी. जुनी, एसी बंद, नंबर प्लेट पांढरी. भाड्याने चालणाऱ्या प्रवासी गाडीची प्लेट पिवळी असते, त्यावर काळे आकडे. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने फिरवणं नियमात बसत नाही, आणि वाटेत काही बरंवाईट झालं तर विम्याचे पैसे मिळताना अडचण येऊ शकते. ड्रायव्हर बिचारा साधा पोरगा. म्हणाला, “मले काय माहीत ताई, मले फक्त गाडी घेऊन जा म्हणाले.” पैसे घेणारा एक, गाडीवाला दुसरा, आणि दोघांच्या मध्ये आणखी कोणीतरी. फोन केला तर, “मोठी गाडी वर्कशॉपला लागली, ॲडजस्ट करून घ्या ना.” मंडळी आवरून बाहेर उभी होती, पोरं आधीच खिडकीच्या जागेवरून भांडत होती. उरलेले पैसेही गेले.

गाडीची पायरी सासूबाईंच्या गुडघ्याएवढी उंच. दीक्षाभूमीला उतरताना त्यांना दोघांनी काखेत धरून खाली घेतलं, चढताना पुतण्याने मागून आधार दिला. आधी त्या हसण्यावारी नेत होत्या. टेकडी गणपतीपाशी मात्र म्हणाल्या, “मी गाडीतनंच हात जोडते, तुम्ही जाऊन या जावा.” शेवटी कामठी रोडवर पुतण्याने उडी मारून एका दुकानातून प्लास्टिकचं लाल स्टूल आणलं. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी आधी स्टूल उतरायचं, मग सासूबाई.

अजब बंगल्याच्या बंद फाटकासमोर गाडी मिनिटभर थांबली. ड्रायव्हर म्हणाला, “बाहेरून बघून घ्या.” किल्ला असाच, चालत्या गाडीतून. महाराजबागेचं नाव काढताच धाकट्याने वाघाचा धोशा लावला, तो ड्रॅगन पॅलेसपर्यंत थांबला नाही. फुटाळा आणि अंबाझरी ‘अधिवेशनामुळे रस्ते बंद’ म्हणून गाळले. हिवाळी अधिवेशन तोवर उरकून मंत्री मुंबईला पोचले होते. बाहेरगावच्या माणसाला ही थाप सहज पटते, सांगलीकरांनी मान डोलावलीही. पण गाडीत नागपूरची मी बसले होते! मी बोलल्यावर ड्रायव्हर म्हणाला, डिझेल मोजूनच दिलंय. त्याच डिझेलमध्ये एका साडीच्या दुकानासमोर मात्र तासभर मुक्काम झाला.

रामटेक नागपूरहून साधारण ५० किलोमीटर. पोचेपर्यंत उन्हं कलली होती. गडावर मंदिराच्या बऱ्यापैकी जवळपर्यंत गाडीरस्ता आहे, आम्ही घरची गाडी कितीदा नेली आहे. याने मात्र खाली गावातच गाडी लावली. ‘घाट चढायचे पैसे पॅकेजमध्ये नाहीत.’ मग ऑटो केले, वेगळे पैसे मोजून. वर माकडांनी जाऊबाईंच्या हातातली प्रसादाची पिशवी पळवली, दिवसभरात पोरं मनापासून हसली ती तेवढीच. खिंडसी अंधारात राहिलं. ‘समाविष्ट जेवण’ म्हणजे थंडगार पुलावाची पाकिटं. घरी परतल्यावर पार्किंग, टोल आणि ड्रायव्हर भत्ता म्हणून आणखी १,२०० मागितले. ते मात्र दिले नाहीत. दिरांनी गाडीच्या प्लेटचा फोटो काढला आणि आरटीओचं नाव घेतलं, तशी गाडी निघून गेली.

आजी-नातवंडं एकत्र न्यायची असतील तर एका दिवसात शहर आणि रामटेक दोन्ही बसवणाऱ्याला पहिल्याच फोनवर नमस्कार करा. शहरात सकाळची दोन ठिकाणं, दुपारी घरी आराम, संध्याकाळी एक. म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना याहून जास्त झेपत नाही. मेट्रोला लिफ्ट आहे, सीताबर्डीहून लोकमान्य नगरकडे गेलं की अंबाझरीच्या काठाने बसल्या बसल्या तलाव दिसतो. रामटेकला वेगळा दिवस ठेवा. गाडी ठरवताना तिचा नंबर आदल्या रात्रीच मागा. पायरी किती उंच आहे तेही विचारा, लाजू नका. पैसे फर्मच्या खात्यावर जात नसतील तर देऊ नका. आणि प्रत्येक ठिकाणापुढे ‘आत प्रवेश’ की ‘बाहेरून’ हे लिहून घ्या. जो लिहून देत नाही, तो का देत नाही हे वेगळं सांगायला नको.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. जाहिरात, यादी, यूपीआयचे स्क्रीनशॉट, गाडीचा फोटो, सगळं जपून ठेवलं होतं, ते कामी आलं. तक्रार गेल्यावर त्याचा स्वतःहून फोन आला, ‘ताई, घरातली गोष्ट घरात मिटवू,’ आणि ४,००० परत आले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो. पैसे जाऊबाईंच्या खात्यातून गेले होते, त्यामुळे अर्ज सांगलीत होईल आणि तारखेला त्यालाच सांगली गाठावी लागेल. जाऊबाईंनी कागद तयार केले आहेत.