२५ वॅटचा साधा सोल्डरिंग आयर्न: बारीक पितळेसाठी उत्तम

चवथीच्या मखराला लावायच्या पितळी घुंगरांना कड्या जोडायला हा आयर्न म्हापशाच्या बाजारातून आणला, आणि या कामाला तो मला मनापासून आवडला. ६०/४० ची तार (सांधे जोडायची, ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असलेली) १९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, त्यामुळे बारीक कडीला एवढी आच पुरते. समईच्या जाड पितळेला मात्र नाही. ते उष्णता ओढून घेतं आणि कथील गोळा होऊन घरंगळतं.

आपल्याकडच्या दमट हवेत पितळ लवकर काळवंडतं. म्हणून जागा आधी पॉलिश पेपरने लख्ख घासायची, वर फ्लक्स (कथील नीट धरावं म्हणून लावायचा लेप) लावायचा. आयर्नचं टोक कडीवर टेकवून तार कडीलाच लावायची, टोकाला नव्हे. कडी तापली की कथील चकाकत फटीत शिरतं. ते थिजेपर्यंत घुंगरू अजिबात हलू द्यायचं नाही, नाहीतर सांधा मळकट, खडबडीत होतो आणि ओढला की सुटतो. मी लाकडी चिमट्यात धरते.

सोबतचं स्टँड फारच हलकं आहे, वेगळं घ्या. या तारेत शिसं असतं, म्हणून जेवणाची भांडी आणि अंगावरचे दागिने तिने जोडू नका.