बिल्ड स्क्रिप्टसाठी शेलचेक: काही महिने वापरल्यानंतर

आमचं ऑफिस महापे एमआयडीसीत. कारखान्यांतल्या मीटरचं रीडिंग गोळा करणारा, सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम आम्ही सांभाळतो. टीममधले काही उबुंटूवर बिल्ड करतात, काही मॅकबुकवर, सीआय (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड करून तपासणारी व्यवस्था) अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये चालतं आणि रबाळ्याच्या एका ग्राहकाकडे फ्रीबीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिमचा सर्व्हर आहे. सीचा कोड सगळीकडे नीट कंपाइल व्हायचा. अडायचं ते भोवतीच्या शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे बिल्डच्या आज्ञा ओळीने चालवणाऱ्या फाइलींमध्ये. म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर शेलचेक सीआयमध्ये घातलं. आता ते पुरेसं मुरलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

ज्यांनी वापरलेलं नाही त्यांच्यासाठी: शेलचेक हे विडार होलेन यांनी हॅस्केलमध्ये लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते स्क्रिप्ट न चालवता वाचतं आणि धोक्याच्या जागा दाखवतं. प्रत्येक सूचनेला क्रमांक असतो आणि प्रत्येक क्रमांकाचं विकीवर स्वतंत्र पान, त्यात अडचणीचा कोड, बरोबर कोड आणि कारण. या पानांना मी सगळ्यात जास्त गुण देईन. टीममध्ये नवीन आलेली मुलं ती वाचूनच शेल शिकतायत, एरवी हे ज्ञान एकाच सीनियरच्या डोक्यात राहतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. शेलचेक स्क्रिप्टची पहिली ओळ बघून नियम ठरवतं. तिथे बॅश (लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा शेल) लिहिलं असेल तर बॅशपुरत्या खास सोयींबद्दल ते अवाक्षर काढत नाही. आम्ही पहिल्या ओळीत साधा एसएच (सगळीकडे मिळणारा मूळ शेल) लिहिला आणि मग खरी यादी बाहेर आली: दुहेरी चौकोनी कंस, अ‍ॅरे, तुलनेत दोनदा बरोबरचं चिन्ह, टिंबाऐवजी 'सोर्स'. हे सगळं पॉझिक्स या युनिक्सच्या सामायिक मानकाच्या बाहेरचं. उबुंटूने २००६ च्या ६.१० आवृत्तीत एसएच म्हणून डॅश हा छोटा शेल आणला, डेबियनने २०११ च्या स्क्वीझमध्ये. अल्पाइनवर बिझीबॉक्स या छोट्या हत्यारांच्या संचातला ॲश हा शेल. फ्रीबीएसडीच्या मूळ सिस्टिममध्ये बॅश नसतोच. आणि मॅकवर बॅश असतो, पण २००६ सालची ३.२ आवृत्ती, कारण पुढच्या बॅशचा परवाना जीपीएल ३ आहे आणि ॲपल तिथेच थांबलं. नावाने चालणारे अ‍ॅरे बॅश ४ मध्ये आले, त्यामुळे उबुंटूवर बिनतक्रार चालणारी बॅश स्क्रिप्ट मॅकवर अडते आणि शेलचेक ती पास करतं, कारण ते बॅशची आवृत्ती बघत नाही. साध्या एसएचकडे वळल्यावर हा प्रश्नच उरला नाही.

फक्त 'लोकल'च्या बाबतीत आम्ही त्याचं ऐकलं नाही. पॉझिक्समध्ये तो शब्द नाही हे खरं, पण डॅश, बिझीबॉक्स, फ्रीबीएसडीचा एसएच आणि मॅकचा जुना बॅश, चौघांनाही तो कळतो. फंक्शनमधला व्हेरिएबल बाहेर सांडू नये हे मला जास्त मोलाचं वाटतं. उद्या एखादा ग्राहक केएसएच ९३ ('लोकल' न कळणारा शेल) वापरणारा निघाला तर पुन्हा विचार करू.

आता मुख्य तक्रार. शेलचेक शेलची भाषा तपासतं, स्क्रिप्टमधून बोलावलेल्या हत्यारांचे पर्याय जवळजवळ नाहीच, आणि आमची निम्मी भांडणं तिथलीच होती. मजकूर बदलणाऱ्या सेडचा फाइल जागच्या जागी बदलणारा 'आय' पर्याय घ्या. ग्नू सेडला, म्हणजे उबुंटूवरच्या सेडला, त्यापुढे काही नको असतं. मॅकच्या सेडला बॅकअपचं शेपूट हवंच असतं. ते दिलं नाही तर तो तुमची बदलाची आज्ञाच शेपूट समजतो आणि फाइलचं नाव आज्ञा म्हणून वाचायला घेतो. मॅकसाठी म्हणून वेगळी रिकामी स्ट्रिंग दिली, की ग्नू सेड तिलाच आज्ञा मानतो. 'आय'ला चिकटूनच 'डॉट बॅक' लिहिलं तर सगळीकडे चालतं, मग बॅकअपची फाइल पुसून टाकायची. फाइल जागेवर नेऊन ठेवणाऱ्या 'इन्स्टॉल'चा मोठा 'डी' तर सरळ फसवतो: ग्नूमध्ये तो वाटेतल्या डिरेक्टरी तयार करतो, फ्रीबीएसडीमध्ये त्याच अक्षराचा अर्थ अगदीच वेगळा. आम्ही आधी छोट्या 'डी'ने डिरेक्टरी करतो आणि मग फाइल ठेवतो. 'सॉर्ट'चा क्रमही लोकेलप्रमाणे (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगप्रमाणे) बदलतो. उबुंटू आणि अल्पाइनवर पॅकेजची यादी वेगवेगळी यायची ती यामुळे, एलसी ऑल ही लोकेल ठरवणारी सेटिंग 'सी' केल्यावर जुळली. या तिन्ही ठिकाणी शेलचेक हिरवंच होतं.

म्हणून त्याच्या जोडीला दोन गोष्टी केल्या. सीआयमध्ये मॅक आणि फ्रीबीएसडीवर खरंखुरं बिल्ड होतं. आणि असे सगळे फरक एका फाइलमधल्या छोट्या फंक्शनमध्ये गोळा केले. चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे ना हे तपासायचा आकडा) काढायचं फंक्शन 'कमांड व्ही'ने, म्हणजे आज्ञा मशीनवर आहे का हे विचारून, आधी शाटूफिफ्टीसिक्ससम शोधतं, मग शासम, मग फ्रीबीएसडीचं शाटूफिफ्टीसिक्स. सिस्टिमचं नाव विचारून फाटे फोडू नका, असं मी आग्रहाने सांगेन. मॅकवर कोणी ब्रू या पॅकेज बसवणाऱ्या हत्याराने ग्नू सेड बसवून पाथमध्ये (आज्ञा शोधायच्या डिरेक्टरींच्या यादीत) पुढे ठेवला, की 'डार्विन (मॅकचं सिस्टिमचं नाव) म्हणजे बीएसडी सेड' हा हिशेब कोसळतो. 'ही सोय आहे का?' असंच विचारावं. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये सुरू केलेलं ऑटोकॉन्फ, बिल्डआधी मशीन तपासणाऱ्या स्क्रिप्ट बनवणारं हत्यार, याच तत्त्वावर उभं आहे. आमच्या आकाराला ते जड वाटलं म्हणून घेतलं नाही, पण त्याच्या मॅन्युअलमधलं पोर्टेबल शेलचं प्रकरण प्रत्येकाने वाचावं इतकं चांगलं आहे.

मेकफाइलमधलं, म्हणजे मेक या बिल्डच्या हत्याराला दिलेल्या फाइलमधलं, शेल शेलचेकला दिसत नाही. आम्ही मेकफाइल बारीक ठेवली, तीन ओळींपेक्षा मोठं काही असेल तर ते वेगळ्या स्क्रिप्टमध्ये जातं. त्यामुळे ग्नू मेक आणि बीएसडी मेक यांच्यातली कटकटही बरीच कमी झाली. 'पाइपफेल' (जोडलेल्या आज्ञांपैकी कुठलीही फसली तर चूक धरणारा पर्याय) २०२४ च्या पॉझिक्समध्ये आलं असलं तरी डेबियन १२ च्या डॅशला ते कळत नाही, म्हणून अजून दूर ठेवलंय.

तुमची स्क्रिप्ट आयुष्यभर एकाच डॉकर इमेजमध्ये चालणार असेल तर बॅशच ठेवा, त्यातही शेलचेक अवतरणचिन्हांच्या चुका पकडून देईल, आणि तेवढ्यासाठीसुद्धा ते बसवावं. स्क्रिप्ट दुसऱ्याच्या मशीनवर जाणार असेल तर एसएच, शेलचेक आणि त्या सिस्टिमवरचं खरं बिल्ड, तिन्ही हवं. पहिल्या दोघांना पैसे पडत नाहीत. तिसऱ्यासाठी आम्ही मॅनेजरकडे एक जुना मॅक मिनी मागितला आणि तो मिळाला.