‘झिंकवालं खास ऑइल’ आणि बाद झालेला कन्व्हर्टर

“गाडी जुनी आहे, आताच्या ऑइलमध्ये झिंक राहिलेलं नाही, कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) खलास होईल.” गॅरेजमध्ये कुणी असं सांगून साध्या ऑइलच्या दुपटीहून महाग ‘खास’ ऑइल आणि वर ॲडिटिव्हची बाटली गळ्यात मारत असेल, तर आधी हे वाचा. मला दोन्ही विकलं गेलं, तेही दर सर्व्हिसिंगला.

यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणून तर माल खपतो. झेडडीडीपी हे झीज रोखणारं रसायन. त्यात झिंक आणि फॉस्फरस एकत्रच असतात. फॉस्फरस कन्व्हर्टरला, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या सायलेन्सरच्या वाटेवरच्या डब्याला, बाधतो, म्हणून एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) २००४ च्या एसएम या ऑइल दर्जापासून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडमध्ये तो जास्तीत जास्त ०.०८ टक्के ठेवला. पण किमान ०.०६ टक्के असावाच लागतो, म्हणजे झिंकही असतंच. ‘राहिलेलंच नाही’ ही निव्वळ थाप. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ग्रेडला तर ती वरची मर्यादाही लागू नाही.

जादा झिंकची खरी गरज कॅम ज्यावर घासत सरकतो अशा सपाट टॅपेटच्या (कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा भाग) इंजिनांना. माझ्या इंजिनात त्याजागी फिरणारे रोलर आहेत. दुसऱ्या मेकॅनिकने वरचं झाकण काढून दाखवलं तेव्हा कळलं. पहिल्याला हे माहीत नव्हतं यावर माझा विश्वास नाही. ते इंजिन त्यानेच पूर्वी उघडलं होतं.

आणि खरं दुखणं वेगळंच होतं. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर यायचा, ऑइल कमी व्हायचं. व्हॉल्व्हपाशी ऑइल अडवणारे सील गेलेले, म्हणून ऑइल आत जाऊन जळत होतं. ऑइलमधला फॉस्फरस कन्व्हर्टरपर्यंत पोचतो तो मुख्यतः असा जळूनच. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमच्या थरावर त्याचा लेप बसतो आणि तो धुऊन निघत नाही. एखाद्या वेळच्या ऑइलने कन्व्हर्टर मरत नाही. पण सील न बदलता जादा फॉस्फरसचं ऑइल ओतत राहिलं की मरतो. सील स्वस्त असतात, ते बदलण्यात गॅरेजवाल्याचा फायदा काय?

डबा मला कधी दाखवला नव्हता, ऑइल आधीच मापात ओतलेलं असायचं. शेवटी हट्टाने रिकामा डबा मागून घेतला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं: शर्यतीच्या गाड्यांसाठी, कन्व्हर्टर असलेल्या गाडीत वापरू नये.

तोवर गाडी प्रदूषण चाचणीत नापास झाली होती. “वयाने गेला,” म्हणत त्याच गॅरेजने नवा कन्व्हर्टर बसवला आणि जुना ‘भंगार’ म्हणून ठेवून घेतला. बाद झालेल्या कन्व्हर्टरमधलेही ते तीन धातू काढून विकता येतात, म्हणजे तिथेही कमाई त्याचीच. जुना परत मागितला तर “भंगारवाला घेऊन गेला.” कुठला भंगारवाला, ते काही सांगितलं नाही.

तेव्हा सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला लावा आणि मागचं लेबल वाचा. दर्जा आणि ग्रेड गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. मॅन्युअलमधला जुना दर्जा आता मिळत नसेल तर त्याच ग्रेडमधला पुढचा चालतो. ऑइल कमी होत असेल तर आधी व्हॉल्व्ह सील आणि पिस्टनच्या रिंग तपासायला सांगा. आणि कन्व्हर्टर बदललाच, तर जुना हातात घेतल्याशिवाय बिल चुकतं करू नका.