हिरवा कनेक्टर, आत निळ्याचा माल

केबलच्या धंद्यातल्या आणि सोसायटीत फायबर टाकणाऱ्या मित्रांसाठी लिहितोय. घाऊक पिगटेल (एका टोकाला कनेक्टर लावलेले फायबरचे तुकडे) घेणार असाल तर आधी हे वाचा.

भांडुपला माझं छोटं नेटवर्क आहे. एकाच फायबरवर इंटरनेट आणि टीव्ही. पावसाळ्याआधी जुने जॉइंट बॉक्स बदलायचे होते, त्यासाठी एससी-एपीसी (हिरव्या कनेक्टरच्या) पिगटेल हव्या होत्या. लॅमिंग्टन रोडवर चोख माल देणारी दुकानं भरपूर आहेत, पण यावेळी एका नव्या दुकानाने बराच कमी दर सांगितला. सॅम्पलच्या पिगटेल उजेड मोजणाऱ्या मीटरवर लावून पाहिल्या, एकदम झकास. निम्मे पैसे आगाऊ दिले, उरलेले माल पोचल्यावर. मेख इथेच होती. सॅम्पल एका मालाचं, खोकी दुसऱ्याच मालाची.

बॉक्स बदलून झाले आणि फोन सुरू झाले. चित्र फुटतंय, चॅनेल अडकतायत. नेट मात्र सगळ्यांचं व्यवस्थित. म्हणून संशय आधी सेट-टॉप बॉक्सवर गेला, मग पावसावर (मुंबईत पावसावर काहीही ढकलता येतं). शेवटी आमचा स्प्लायसिंगवाला, म्हणजे फायबर जोडणारा, म्हणाला, "दादा, मशीन प्रत्येक जॉइंटला ०.०२ दाखवतंय, मग तीन-चार डीबी खातंय कोण?"

डीबी म्हणजे वाटेत गेलेल्या उजेडाचं माप, आणि तो खात होता कनेक्टर. एपीसीच्या फेरूलचं, म्हणजे टोकाला फायबर धरणाऱ्या नळीचं, तोंड ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, म्हणजे परत फिरणारा उजेड फायबरच्या गाभ्यात न शिरता बाहेर सांडतो. हिरवा रंग ही त्याची खूण. यूपीसी या दुसऱ्या प्रकारच्या कनेक्टरचं तोंड सरळ असतं आणि त्याचा रंग निळा. आमच्या खोक्यांत हिरव्या प्लास्टिकमध्ये यूपीसीचे फेरूल बसवले होते. अस्सल एपीसीच्या पोर्टमध्ये असा कनेक्टर घातला की दोन तोंडं नीट टेकतच नाहीत, मधे हवेची फट राहते. उजेड वाया जातो आणि उलटा परावर्तितही होतो. जीपॉनचं (फायबरवरून घरोघरी नेट देण्याची पद्धत) नेट उजेड उणे २७ डीबीएमच्या आसपास इतका मंद होईपर्यंत तग धरतं, त्यामुळे त्याला हा तोटा जाणवतही नाही. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडावर चालणाऱ्या टीव्हीला मात्र त्या मानाने कितीतरी जास्त उजेड लागतो आणि परावर्तनाचं तर वावडंच. ठग नेमके यावरच जगतात: नेट चालतंय म्हटल्यावर पिगटेलकडे कोण बघणार?

फायबरही सांगितलं होतं ते नव्हतं. बिलावर जी.६५७ए लिहिलेलं, जे छोट्या बॉक्समध्ये घट्ट वळवलं तरी चालतं. प्रत्यक्षात जरा वळवलं की १५५० वरचा आकडा घसरायचा, १३१० नॅनोमीटरवरचा जवळपास तसाच. साध्या फायबरचं हेच लक्षण.

दुकानात गेलो तर शेठने लाल लाइटचा पेन लावून दाखवला. "लाइट पार आला ना साहेब? मग माल ओके." लाल लाइट फायबर तुटलेलं नाही एवढंच सांगतो. डीबी किती गेले किंवा तोंड तिरकं आहे का, हे त्याला काय कळणार! प्रत्येक पाकिटात टेस्ट रिपोर्टची चिठ्ठी होती, पण सगळ्यांवर आकडे तेच, शेवटच्या दशांशापर्यंत. खऱ्या मोजणीत असं होत नाही. बिलावरचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचाच, पण पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. तो नंबर तिथे कुणालाही फुकट तपासता येतो.

आता मी खोकी पोचली की वरची पाकिटं बाजूला ठेवून तळातली काढतो. सोनारी भिंगाने फेरूल बाजूने बघितला तर उतार चटकन दिसतो. मात्र आधी दुसरं टोक कशालाही जोडलेलं नाही ना, हे बघा. आतला उजेड डोळ्याला दिसत नाही आणि डोळा खराब करतो. मग माहितीच्या अस्सल एपीसी पॅचकॉर्डला (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली फायबरची वायर) जोडून मीटर लावायचा. चांगला कनेक्टर ०.३ डीबीच्या आत बसतो. पैसे या तपासणीनंतर, तेही खात्यातून.

ग्राहक आयोगाकडे जायचं म्हटलं तर २०१९ च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेला माल बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार असेल तरच सवलत आहे. तेवढ्या आधारावर मी वकिलाकडून नोटीस पाठवली आहे. शेठचं उत्तर नाही, पण दुकान सुरू आहे आणि तीच पिगटेल आता दुसऱ्या नावाच्या पाकिटात मिळते.