पॅनेलला कुलूप की पॅनेलपाशी माणूस?

सार्वजनिक बागेत पाण्याची लाइन फुटली की ती दुरुस्त होईपर्यंत पंप बंद ठेवायचे आपल्याकडे दोनच रस्ते. एकतर पंप बंद करून पॅनेलपाशी, म्हणजे पंपाचे स्विच आणि स्टार्टर असलेल्या पेटीपाशी, माणूस उभा करायचा, कोणी हात लावायला नको म्हणून. नाहीतर मेन स्विच पाडून त्याला कुलूप घालायचं आणि चावी जो खड्ड्यात उतरतो त्याच्या खिशात. पणजी-म्हापसा भागातल्या बागांची देखभाल करताना मी दोन्ही करून बघितलंय, आणि हल्ली नवीन कंत्राट घेणारी मुलं विचारतात की कुलपाचा खर्च खरंच करावा का, म्हणून हे लिहितोय.

आधी माणसाची बाजू, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. ट्रॅफिक आयलंडवरची छोटी ड्रिप लाइन (थेंब थेंब पाणी देणारी नळी) असेल, पॅनेल चार पावलांवर आणि नजरेसमोर असेल, तर माणूस पुरतो. जॉइंट मारून झाल्यावर टेस्टिंगला पाणी सोड-बंद-सोड करावं लागतं तेव्हा तर माणूसच बरा, कुलूप असलं की प्रत्येक वेळी उठून जा, उघड, चालू कर, परत बंद करून कुलूप घाल, कंटाळा येतो हे मान्य. आणि समुद्राजवळच्या बागांत जुनी पॅनेलं खाऱ्या हवेनं इतकी खाल्लेली असतात की कुलूप अडकवायला धड भोक पण शिल्लक नसतं. कुळागरात, म्हणजे घरच्या सुपारी-नारळाच्या बागेत, तर मी अजूनही माणसावरच भागवतो, तिथे पंपाला हात लावणारे सगळे घरचेच असतात.

पण सार्वजनिक जागेत मला एका गोष्टीचा फार त्रास व्हायचा, आणि शेवटी त्यावरूनच माझं ठरलं. ती म्हणजे फोन. पॅनेल असतं टॉयलेट ब्लॉकच्या मागे किंवा विहिरीपाशी, खड्डा असतो बागेच्या दुसऱ्या टोकाला, मधे झाडं, काही दिसत नाही. मी कोपरापर्यंत चिखलात, एका हाताने पाइप धरलेला, आणि खिशात फोन वाजतोय. "झालं काय हो? लावू?" हात पुसा, फोन काढा, नाही म्हणून सांगा, परत खाली वाका, की परत फोन. त्या मुलावर चिडून उपयोग नाही, कारण तो बिचारा स्वतःहून करत नसतो. त्याच्या डोक्यावर कोणीतरी उभं असतं. उद्या इथे कार्यक्रम आहे लॉन सुकलंय म्हणणारे, सकाळी चालायला येणारे काका, पाळी बदलल्यावर आलेला नवीन वॉचमन, सगळे त्यालाच सांगतात की पाच मिनिटं लाव रे, काय होतंय. आणि आपण तिथे उभा करतो कोणाला, तर टीममधल्या सगळ्यात लहान पोराला, म्हणजे नेमकं ज्याला मोठ्या माणसाला नाही म्हणायला सगळ्यात जड जातं त्याला. तो नाही म्हणू शकत नाही म्हणून मला फोन करतो, आणि एखाद्या दिवशी मी फोन उचलला नाही तर तो काय करेल हा विचार खड्ड्यात बसून करायला लागणं हे मला तरी मान्य नाही. कुलूप लावलं की तो सरळ सांगतो, चावी माझ्याकडे नाही. विषय संपतो, त्याच्यावर राग पण कोणी धरत नाही.

यात काय धोका आहे असं वाटत असेल तर साधा हिशोब करा. मधेच पंप चालू झाला आणि ६३ मिमीच्या लाइनला दर चौरस सेंटीमीटरला ३ किलो प्रेशर असेल तर एंड कॅपवर, म्हणजे पाइपच्या टोकाच्या बुचावर, ९० किलोच्या आसपास जोर येतो, आणि तुमचं तोंड त्याच्यासमोर असतं. करंटचं वेगळंच. थ्री फेजचा पंप म्हणजे ४१५ व्होल्ट, आणि आपण उभे ओल्या मातीत.

अजून एक, जे माणसाला बघूनही थांबवता येत नाही. पंपाचा स्टार्टर ऑटोवर, म्हणजे आपोआप चालू होण्यावर, ठेवलेला असेल तर लाइट जाऊन आली की पंप आपोआप उठतो, आणि एप्रिल-मेमध्ये लाइट किती वेळा जाते ते आपल्याला माहीत आहे. मोबाइलवरून चालणारा स्टार्टर असेल तर घरी बसलेला माणूस पण चालू करतो. पॅनेलपाशी उभा असलेला पोरगा फार तर धावत येऊन ओरडेल. बागेतल्या दिव्यांची केबल तर हमखास पाइपला आडवी गेलेली असते, दिवसा मेलेली वाटते म्हणून कोणी लक्ष देत नाही, पण दिवे फोटोसेलवर, म्हणजे अंधार पडला की आपोआप लागणारे, असतील आणि जूनमध्ये ढग येऊन भरदुपारी काळोख झाला की तिच्यात करंट येतो. म्हणून मी पंपाबरोबर दिव्यांच्या एमसीबीलाही (पॅनेलमधला छोटा सुरक्षा स्विच) क्लिप लावून कुलूप घालतो.

अमेरिकेत कारखान्यांसाठी १९८९ मध्ये कुलूप आणि टॅगचा नियम आला, त्यात टॅग, म्हणजे स्विचला लटकवायची पाटी, हा फक्त इशारा, तो कोणाला अडवत नाही असं स्पष्ट धरलंय. आपण "काम चालू आहे" लिहिलेला पुठ्ठा लटकवतो तो त्यातलाच प्रकार. लटकवा जरूर, पण त्याच्या भरवशावर खाली उतरू नका.

कुलूप लावलं की सगळं झालं असंही नाही हां. कुलूप घातल्यावर एकदा स्टार्टचं बटण दाबून बघायचं, पंप उठत नाही ना. वायरिंगला हात घालणार असाल तर व्होल्टेज मोजायचा मीटर आधी चालू लाइनवर तपासून मग इथे लावायचा, पेचकसवाल्या टेस्टरवर विसंबू नका. सिंगल फेजच्या पॅनेलमध्ये कपॅसिटर असतो, तो स्विच पाडल्यावरही चार्ज धरून ठेवतो. आणि पाणी वरच्या टाकीतून नुसत्या उतारानं येत असेल तर पंपाला कुलूप घालून काहीच उपयोग नाही, तिथे व्हॉल्व्हलाच कुलूप पाहिजे आणि खालचा ड्रेन उघडून लाइन रिकामी करायला पाहिजे. प्रेशर टाकी असेल तरी तेच. चेंबरचं (व्हॉल्व्ह असलेल्या जमिनीतल्या हौदाचं) झाकण मात्र दोन्ही पद्धतींत काठीनेच उचला, घोणस आणि फुरसं दोन्ही गोव्यात आहेत आणि त्यांना ती थंड जागा आवडते.

आता खर्चाचं. लोक म्हणतात कुलूप म्हणजे खर्च आणि माणूस फुकट, पण माझा अनुभव उलटा आहे. कुलूप घातल्यावर तो माणूस मोकळा होतो आणि मी त्याला खड्ड्यापाशी उभा करतो. बागेत खरी गरज तिथे असते, पोरं सायकल घेऊन येतात, चेंडू खड्ड्यात जातो, कोणी मोबाइलमध्ये बघत चालत असतं, रिबन बांधली तरी खालून वाकून येतात. तिथे माणूसच पाहिजे.

दोघं खाली उतरणार असतील तर सहा भोकांचा हास्प (एकाच स्विचला अनेक कुलपं लावायची कडी) घ्या, प्रत्येकाचं आपलं कुलूप, प्रत्येकाची आपली चावी. डुप्लिकेट चावी ऑफिसात ठेवू नका, कोणीतरी मागायला येतंच. कुलूप कुठलंही चालेल, लाल रंगाचं घेतलं तर लांबून दिसतं. छोट्या ड्रिपवाल्यांनी यात पैसे घालावेत असा माझा आग्रह नाही. पण मोठी बाग असेल तर पॅनेलला कुलपाची सोय आहे का ते पावसाळ्यातच बघून घ्या, नसेल तर आयसोलेटर (पॅनेलचा मेन स्विच) बदलून घ्या, कारण ऑक्टोबर लागला की सगळ्या बागांना एकदमच पाणी सोडायची घाई होते आणि तेव्हा इलेक्ट्रिशियन मिळत नाही.